वीस तासांची अट

कॅलफ्रेशचा अर्ज बराच काही विचारतो. घरात कोण कोण राहतं, भाडं किती, विजेचं बिल कोण भरतं, हाताशी रोख किती, गेल्या महिन्यात किती कमावलं. कालपासून पोटात काही गेलंय का, एवढं मात्र त्यात विचारलेलं नसतं. सरकारी अर्जाकडून ती अपेक्षाही नाही, भूक मोजणार कशी? पण मी ज्या टेबलामागे बसते तिथे येणाऱ्या मुलांना मुळात तेवढंच सांगायचं असतं. बाकीची सगळी माहिती त्यांच्याकडून काढून घ्यावी लागते.

उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी ‘बेसिक नीड्स’ केंद्राचं काम बघते. कम्युनिटी कॉलेज म्हणजे कमी फीचं, प्रवेशपरीक्षा नसलेलं सरकारी कॉलेज. सकाळी नर्सिंगच्या आधीचे विषय, दुपारी अकाउंटिंग, संध्याकाळी वेल्डिंग. इथून दोन वर्षं करून पुढे मोठ्या विद्यापीठात जाता येतं, किंवा प्रमाणपत्र घेऊन सरळ कामाला लागता येतं. वर्गात अठरा वर्षांचा मुलगा आणि त्याच्या आईच्या वयाची बाई शेजारी शेजारी बसतात. राज्याने 2021 मध्ये कायदा करून प्रत्येक कम्युनिटी कॉलेजात असं केंद्र आणि एक समन्वयक हवाच असं ठरवलं. त्याआधी आमच्याकडे विद्यार्थी संघटनेच्या खोलीत एक कपाट होतं आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नसायचं.

मी सांगलीची, एम.कॉम. झालेली. नवऱ्याच्या मागे एच-फोर व्हिसावर आले तेव्हा नोकरीची परवानगी नव्हती, म्हणून एका फूड बँकेत बटाटे निवडायला जायला लागले. ग्रीन कार्ड आल्यावर त्याच ओळखीतून कॉलेजात लागले. अन्नदान वगैरे भावना मनात होती असं म्हणणार नाही. घरात बसून कंटाळले होते.

केंद्रातल्या पँट्रीच्या, म्हणजे फुकट किराण्याच्या, शेल्फकडे नुसतं बघत राहिलं तरी बरंच कळतं. सगळ्यात आधी संपतात ते टोपण ओढून उघडणारे ट्यूनाचे डबे. डबा तोच, पण ओपनर लागणारा असला तर आठवडाभर पडून राहतो. मग कपातले नूडल्स, पीनट बटर, केळी. वाळलेला राजमा, चवळी आणि तांदळाच्या मोठ्या पिशव्या शेवटपर्यंत राहतात, आणि देणगीदार हेच सर्वांत जास्त पाठवतात, कारण पैशांत स्वस्त आणि पोटाला भक्कम. राजमा शिजवायला गॅस लागतो, भांडं लागतं, रात्रभर भिजत ठेवायला एक जागा लागते. आमची काही मुलं गाडीत झोपतात. काही जण चौघांत एक खोली घेऊन राहतात आणि स्वयंपाकघर घरमालकाच्या कुलपात असतं. म्हणून केंद्रातल्या मायक्रोवेव्हपुढे दुपारी रांग लागते. त्या रांगेत मुलं फोनमध्ये डोकं घालून उभी असतात, एकमेकांना ओळख देत नाहीत. वर्गात शेजारी बसणारीसुद्धा.

अमेरिकेत कॉलेजातली पहिली पँट्री मिशिगन स्टेट विद्यापीठात 1993 मध्ये विद्यार्थ्यांनीच काढली. आता शेकड्यांनी आहेत. पण पँट्रीने महिना निघत नाही. महिना निघतो तो केंद्र सरकारच्या ‘स्नॅप’वर, म्हणजे पूर्वीच्या फूड स्टॅम्पवर. आमच्या राज्यात त्याचं नाव कॅलफ्रेश. एकट्या माणसाला जास्तीत जास्त महिन्याला 300 डॉलरच्या आत-बाहेर मिळतात, एका कार्डावर. त्यावर किराणा घेता येतो, गरम शिजवलेलं अन्न नाही. दुकानातली भाजलेली कोंबडी गरम असताना चालत नाही, तीच थंड करून फ्रीजमध्ये ठेवली की चालते. ही गंमत मुलांना सांगितली की हसतात, आणि मग थंड कोंबडी कुठे मिळते ते विचारतात.

तर या स्नॅपमध्ये विद्यार्थ्यांसाठी एक वेगळा नियम आहे. वय 18 ते 49, कॉलेजात निम्म्या किंवा त्याहून जास्त अभ्यासक्रमाला नाव, की तुम्ही अपात्र. उत्पन्न शून्य असलं तरी. त्यातून सुटायचं असेल तर अपवादांच्या यादीत कुठेतरी बसावं लागतं. आठवड्याला सरासरी 20 तास पगारी काम, किंवा सरकारी ‘वर्क-स्टडी’ची नोकरी, किंवा सहा वर्षांखालचं मूल सांभाळणं, किंवा काम करता येणार नाही असं आजारपण, अशी ती यादी आहे. कॉलेजच्या खानावळीतून निम्म्याहून जास्त जेवणं मिळत असतील तर ती वाटही बंद.

नवीन माणसाला हा नियम सांगितला की तो विचारतो, असं का? मीही विचारलं होतं. उत्तर शोधताना एक जुनं प्रकरण हाती लागलं. 1970 च्या आसपास अमेरिकन संसदेत ओरड होती की सुखवस्तू घरांतली पोरं कॉलेजात जाऊन फूड स्टॅम्पवर मजा करतात. मग 1971 मध्ये दुरुस्ती झाली. अठरा वर्षांवरच्या ज्या माणसाला दुसऱ्याच कुणी आपल्या कराच्या विवरणात अवलंबित म्हणून दाखवलं असेल, तो ज्या घरात जेवतो ते अख्खं घर अपात्र. नेम श्रीमंतांच्या मुलांवर होता, पण तडाखा बसला घटस्फोटित बापाने कर वाचवायला नाव लावलेल्या मुलांच्या गरीब आयांना. 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मरी खटल्यात हे कलम रद्द केलं. निकाल न्यायमूर्ती डग्लस यांनी लिहिला. म्हणणं साधं होतं, गेल्या वर्षी कुणी कर वाचवला यावरून आज या घरात अन्न आहे की नाही हे ठरत नाही. ते कलम गेलं, संशय मात्र गेला नाही. 1980 च्या दुरुस्तीने विद्यार्थ्यांना बहुतांशी बाहेर ठेवलं आणि 20 तासांसारखे दरवाजे ठेवले. आज ज्या मुलीला मी ‘तू अपात्र आहेस’ म्हणून सांगते, तिच्या जन्माच्या कितीतरी आधी कुणा वेगळ्याच मुलाचा राग काढलेला तो नियम आहे.

एका मुलीचं सांगते. नर्सिंगला जायचं होतं, त्याआधीचे विषय करत होती. कपड्यांच्या दुकानात काम. कुठल्या दिवशी किती तास हे दुकानाचं ॲप दर आठवड्याला सांगायचं, आणि आदल्या रात्री बदलायचंही. तिने महिन्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणल्या. पहिला आठवडा 22 तास, दुसरा 18, तिसरा 16, चौथा 21. बेरीज 77. महिन्याला 80 हवेत. तीन तास कमी.

‘मी जास्त मागितले होते,’ ती म्हणाली. ‘त्यांनी दुसरी मुलगी ठेवली.’

काउंटीची, म्हणजे अर्ज तपासणाऱ्या जिल्हा कार्यालयाची, नोटीस आली, ‘अपात्र विद्यार्थी.’ आता तिच्यापुढे वाटा काय? एक तर अजून तीन तास कुठूनतरी मिळवायचे. दुसरी वाट तिने स्वतःच शोधली होती आणि मला विचारायला आली होती. तिचे 12 युनिट होते, म्हणजे पूर्णवेळ. बाकी सगळं सोडून फक्त 5 युनिटची ॲनाटॉमी ठेवली तर ती निम्म्याहून कमी वेळेची विद्यार्थिनी ठरते, आणि मग विद्यार्थ्यांचा नियम तिला लागतच नाही. तिचं गणित बरोबर होतं. कायद्याप्रमाणे तिला जेवण मिळवायचा सगळ्यात सोपा मार्ग शिक्षण कमी करणं हा होता. पण युनिट कमी केले की शिष्यवृत्तीचे पैसे कमी, नर्सिंगचा अर्ज एक वर्ष पुढे. कागदावर बेरीज-वजाबाकी करत आम्ही दोघी बसलो. शेजारी तिने पँट्रीतून घेतलेला नूडल्सचा कप उघडा होता, त्यात पाणी घालायचं राहून गेलं.

शेवटी वाट निघाली ती तिसरीकडून. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत ‘ईओपीएस’ नावाची जुनी योजना आहे, 1969 च्या कायद्याने सुरू झालेली. गरीब घरांतल्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांना त्यात समुपदेशक, पुस्तकांचे पैसे वगैरे मिळतं. राज्याने अशा योजना ‘नोकरीची पात्रता वाढवणाऱ्या’ म्हणून मान्य केल्यात, आणि त्यात नाव असलं की केंद्र सरकारच्या नियमातून सूट मिळते. त्या सेमिस्टरची ईओपीएसची मुदत उलटून गेली होती. पुढच्या सेमिस्टरला तिने नाव घातलं, अर्ज पुन्हा केला आणि कार्ड आलं. तास 77 च्या आसपासच होते. मुलगी तीच, दुकान तेच, पगार तोच. मधल्या महिन्यांत ती काय खात होती ते मला माहीत आहे, कारण शेल्फ मीच भरत होते.

तेव्हापासून मी समोरच्याला आधी योजना विचारते, तास नंतर. ईओपीएस आहे का, पुएन्ते नावाची तशीच योजना आहे का, अपंग विद्यार्थ्यांच्या केंद्रात नोंद आहे का, लहानपणी फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारने सोपवलेल्या दुसऱ्या घरी, होतास का. शेवटचा प्रश्न अवघड जातो. पण होकार आला तर त्यातून एक दार उघडतं, म्हणून विचारतेच.

माझे आजोबा सांगलीहून पुण्याला शिकायला गेले ते वार लावून जेवले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. आमच्या घरात ही गोष्ट अभिमानाने सांगतात, आणि त्यातला एक वार कायम उपाशी जायचा हे हसत हसत. इथे आल्यावर मला त्या गोष्टीतली न सांगितलेली बाजू दिसायला लागली. वारालाही पात्रता होतीच. आजोबा जातीमुळे त्या घरांत पानावर बसू शकले. ज्यांना ती दारंच नव्हती त्यांच्यासाठी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली, आणि भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासकट दागिने विकले. भाऊरावांचं ‘कमवा आणि शिका’ आणि इथली 20 तासांची अट वरवर सारखीच दिसतात. काम करा, मग खा. पण तिथे काम संस्थाच द्यायची, शेत संस्थेचं, ताटही संस्थेचं. इथे मुलाने बाहेर जाऊन असा मालक शोधायचा जो आठवड्याला बरोबर वीस तास देईल आणि पुढच्या महिन्यातही देईल. तो मालक दुकानातल्या विक्रीकडे बघून तास ठरवतो. नाताळानंतर कुठल्याही दुकानात विचारून बघा.

घर कशाला म्हणायचं यावरही बरंच अडतं. एकत्र किराणा आणून एकत्र शिजवणारे ते एक घर, असा मूळ नियम आहे. आमच्याकडे रेशन कार्ड वेगळं करताना चूल वेगळी दाखवतात, तसंच. चार रूममेट वेगळे खात असतील तर प्रत्येकाचं घर वेगळं. पण बावीस वर्षांखालचं मूल आई-बापाच्या छताखाली राहत असेल तर चूल वेगळी असून चालत नाही, त्यांचं उत्पन्न धरलंच जातं. आमच्याकडे वीस वर्षांचा एक मुलगा होता, बापाच्या गॅरेजमध्ये राहायचा, बाप त्याला घरात येऊ द्यायचा नाही. टॉयलेटला तो पेट्रोल पंपावर जायचा. नियमाप्रमाणे ते दोघं एक कुटुंब. त्याच्यासाठी मला काही करता आलं नाही. पँट्रीची पिशवी थोडी जड भरायचे, एवढंच.

या सगळ्यातून जो पुढे सरकतो तो अडतो फोनवर. अर्जानंतर काउंटीचा माणूस मुलाखतीसाठी फोन करतो. तो फोन बऱ्याचदा ‘नंबर लपवलेला’ म्हणून येतो. विशीतलं कुठलंही पोर अनोळखी नंबर उचलत नाही. त्यांच्या दृष्टीने तो कर्जवाल्यांचा किंवा फसवणाऱ्यांचा. मुलाखत हुकली की पत्र येतं, पत्र जुन्या पत्त्यावर जातं, मुदत जाते आणि अर्ज रद्द. पात्र होती, कागद होते, फोन उचलला नाही म्हणून राहिली, अशी किती मुलं असतील याचा मी हिशोब ठेवायचं बंद केलं.

आता आम्ही मुलाखतीच्या वेळेला मुलाला केंद्रातच बसवतो. छोटी खोली आहे, दार बंद होतं. मी बाहेर बसते, कारण पलीकडचा माणूस प्रत्येक उत्तर त्याच्याच तोंडून ऐकू इच्छितो. आत काय चाललंय ते काचेतून दिसतं. मुलं उभं राहून बोलतात. का कोण जाणे, पण जवळजवळ सगळी उभीच राहतात, खुर्ची असून. ‘तू खाण्यावर किती खर्च करतोस?’ या प्रश्नाला थांबतात. कमी सांगितलं तर कमी मिळेल का, जास्त सांगितलं तर ‘मग परवडतंय की’ म्हणतील का, हा विचार चेहऱ्यावर दिसतो. खरं तर रक्कम उत्पन्न आणि भाड्यावरून निघते, या उत्तराला फारसं महत्त्व नसतं. हे मी आधी सांगून ठेवते, तरी थांबतातच.

मग 2021 आलं. कोविडमधल्या 2020 च्या डिसेंबरात संसदेने जो मोठा खर्चाचा कायदा केला, त्यात विद्यार्थ्यांसाठी दोन तात्पुरते अपवाद घातले. वर्क-स्टडीला नुसते पात्र असलात तरी चालेल, प्रत्यक्ष नोकरी मिळायला नको. आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात, फाफ्सात, घरच्यांकडून अपेक्षित वाटा शून्य निघाला असेल तरीही चालेल. 16 जानेवारी 2021 पासून लागू. कॉलेज बंद, पँट्री पार्किंगमध्ये, गाडीची डिकी उघडायची आणि पिशवी ठेवायची असा तो काळ.

माझ्यासारख्या कारकुनी काम करणाऱ्या बाईला त्या दोन ओळींनी काय दिलं ते बाहेरच्यांना सांगणं कठीण आहे. कोण पात्र हे आता मला मुलाला विचारावं लागत नव्हतं. ते कॉलेजच्या आर्थिक मदत विभागाच्या संगणकात आधीच होतं. शून्य वाटा असलेल्यांची यादी काढा, त्यांना पत्र पाठवा, पत्रच पुरावा. फॉस्टर केअर नाही, पगाराच्या चिठ्ठ्या नाहीत, दुकानाच्या मॅनेजरची सही नाही. ज्या मुलांनी याआधी नोटीस घेऊन माझ्यासमोर मान खाली घातली होती त्यांना मी स्वतः फोन केले. एका मेकॅनिकच्या कोर्सवाल्या गृहस्थाने, पस्तिशीतला माणूस, दोनदा विचारलं, ‘म्हणजे मला तास दाखवायचेच नाहीत?’ नाहीत. ‘मग आधी का दाखवायचे होते?’

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. नियम बनवणाऱ्यांकडेही असेल असं वाटत नाही.

सरकारच्या लेखापरीक्षण विभागाने, म्हणजे जीएओने, 2018 मध्ये हिशोब मांडला होता की 2016 साली जे सुमारे 33 लाख विद्यार्थी स्नॅपला पात्र असू शकत होते, त्यातल्या जवळजवळ 20 लाखांनी ती मदत घेतल्याचं सांगितलं नाही. पुढे 2024 मध्ये पुन्हा बघितलं तर 2020 च्या आकड्यांनुसार पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी 23 टक्के अन्नाच्या बाबतीत असुरक्षित, आणि त्या असुरक्षितांतल्या पात्र असू शकणाऱ्यांपैकी 59 टक्क्यांना मदत पोचलेली नाही. लोक म्हणतात, जनजागृती कमी पडते. आम्ही पोस्टर लावतो, ओरिएंटेशनला बोलतो, स्टिकर वाटतो. पण ज्या नियमाची यादी समजवायला मला अर्धा तास लागतो तो पोस्टरवर कसा मावणार? ‘तुम्ही कदाचित पात्र असाल’ इतकंच लिहिता येतं, आणि ‘कदाचित’ वाचून कुणी रांगेत उभं राहत नाही.

आरोग्य आणीबाणी मे 2023 मध्ये संपली आणि जून महिन्यात ते दोन अपवाद नव्या अर्जदारांसाठी बंद झाले. आधीचे होते त्यांची मुदत नूतनीकरणाच्या वेळी संपणार होती, म्हणजे ज्याचा जेव्हा कागद येईल तेव्हा. उन्हाळाभर आणि पुढे थंडीपर्यंत एकेक जण नोटीस घेऊन येत राहिला. सगळे एकदम गळले असते तर निदान बातमी झाली असती.

मेकॅनिकवाला गृहस्थ टिकला. मधल्या काळात त्याला मुलगी झाली होती, आणि सहा वर्षांखालचं मूल हा कायमचा अपवाद आहे. हे त्याला सांगितलं तेव्हा तो मोठ्याने हसला. पुढे तिच्या दुधाच्या पैशांसाठी वेगळी योजना आहे, तिकडेही पाठवलं.

गणपतीत मंडळात एक काका आहेत, प्रसादाच्या रांगेत माझ्या कामाचा विषय निघाला की म्हणतात, ‘आम्हीही मॅगीवर दिवस काढले, शिकलोच की.’ खोटं नाही ते. पण काका 1980 च्या सुमारास एम.एस. करायला आले ते फी माफ आणि वर दरमहा भत्ता घेऊन, आणि दोन वर्षांत नोकरी. आमच्या मुलांची मॅगी कॉलेजच्या आधीपासून चालू असते. हे मी त्यांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, ‘तसं नाही गं, माझ्या म्हणण्याचा अर्थ...’ आणि मोदक पुढे केले.

आपल्याकडून येणाऱ्या मुलांचेही फोन येतात. नांदेडचा एक जण, दुसऱ्या गावातल्या विद्यापीठात मास्टर्सला. ‘काकू, मंडळातून तुमचा नंबर मिळाला,’ अशी सुरुवात. खोली, विमा, फी भरून हातात काहीच उरलं नव्हतं, घरी सांगायची सोय नव्हती, कारण बाबांनी आधीच जमीन तारण ठेवलेली. विद्यार्थी व्हिसावर कॅलफ्रेश मिळत नाही, तिथे अपवादही नाहीत. पण विद्यापीठाची पँट्री असतेच आणि ती व्हिसा विचारत नाही, ओळखपत्र पुरतं. ‘पुढे व्हिसाला काही होणार नाही ना?’ हा त्याचा दुसरा प्रश्न. ही भीती हवेतून आलेली नाही. ग्रीन कार्ड देताना लावायचा 2019 चा ‘सरकारवर ओझं’वाला नियम स्नॅपसुद्धा मोजायचा, तो 2021 मध्ये निघाला, पण भीती राहिली. त्याला म्हटलं, पँट्री ही देणगीची, त्यावर सरकारचा हिशोब नाही, उद्या जा आणि राजमा मोकळेपणाने घे, तो कुणी नेत नाही. तुझ्याकडे कुकर आहे ना? ‘आईने दिलाय,’ म्हणाला.

शिकणं हेच काम धरा, कॉलेजात नाव असणं पुरे माना, असं सांगणारं विधेयक कॅलिफोर्नियाचे जिमी गोमेझ आणि न्यूयॉर्कच्या सिनेटर गिलिब्रँड यांनी एकाहून जास्त वेळा मांडलं. पास झालं नाही. मला ते हवंय. माझं निम्मं काम त्याने संपेल, तरीही. त्याला विरोध करणारे खर्चाचा मुद्दा काढतात, तो खरा मुद्दा आहे, त्यावर वाद घाला. पण आत्ताच्या नियमाने पैसे वाचतात ते गरजू नसलेल्यांना गाळून असं कुणी सांगू नये. गाळले जातात ते ॲपने तास कापलेले, फोन न उचललेले आणि बापाच्या गॅरेजमध्ये झोपणारे.

वारा मात्र उलट दिशेने वाहतोय. जुलै 2025 च्या केंद्र सरकारच्या कायद्याने इतर धडधाकट प्रौढांवरची कामाची अट 64 वर्षांपर्यंत नेली आणि राज्यांना तिच्यातून मिळणारी सूट आवळली. निम्म्या वेळेच्या विद्यार्थ्याला ती अट लागत नाही, त्याला विद्यार्थ्यांची लागते. त्यातून सुटायला ॲनाटॉमी एकटीच ठेवणाऱ्या मुलीला मात्र आता ती लागेल, आणि तिथेही महिन्याला 80 तासच. म्हणजे विषय सोडायची ती पळवाटसुद्धा बुजली. त्याच कायद्यात असंही आहे की 2028 च्या आर्थिक वर्षापासून ज्या राज्यात चुकीचं वाटप 6 टक्के किंवा त्याहून वर जाईल, त्याला मदतीच्या खर्चाचा वाटा स्वतः उचलावा लागेल, चुका जितक्या जास्त तितका वाटा मोठा, 15 टक्क्यांपर्यंत. विद्यार्थ्यांच्या फाइली किचकट, चूक तिथेच व्हायची. काउंटीच्या खिडकीमागच्या माणसाच्या जागी मी असते तर शंका आली की नकार लिहिला असता.

त्यामुळे आम्ही पत्र बदललं. पूर्वी कॉलेजचं पत्र नाव, सेमिस्टर, युनिट अशा क्रमाने असायचं आणि सूट कुठल्या कलमाखाली ते तळाशी, बारीक अक्षरात. आता पहिल्याच ओळीत अपवादाचं नाव, त्याचा नियम क्रमांक, राज्याच्या परिपत्रकाची तारीख, मग मुलाचं नाव. राज्याच्या 2021 च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला कॉलेजांसाठी एक संपर्क अधिकारी नेमावा लागतो. आमच्या बाई फार चांगल्या आहेत, फोन केला तर उचलतात, हे या खात्यात कमी नाही. नवा नमुना त्यांना दाखवला. त्यांनी वाचला आणि एकच सूचना केली, पहिली ओळ ठळक करा, आणि शक्य असेल तर लाल, कारण आमच्या नव्या लोकांना दिवसाला इतक्या फाइली असतात की ते पहिल्या ओळीच्या खाली जात नाहीत.

कॉलेजच्या लेटरहेडवर लाल शाई चालत नाही, असं प्रसिद्धी विभागाचं म्हणणं आलंय. त्यावर सध्या ईमेल चालू आहेत.